डीईएत १.०० मिळालेल्या बँकेवर निर्बंध कसे आले? बँकेची कार्यक्षमता मोजताना घोडं कुठं पेंड खातं

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, हसू पण आलं आणि जरा चरकलो पण. इतरांना कळावं म्हणून थोडक्यात परत सांगतो. तुम्ही सांगली आणि सातारा जिल्ह्यातल्या १४ नागरी सहकारी बँका घेतल्या. कर्मचारी संख्या, व्याजखर्च आणि स्थिर मालमत्ता हे तीन इनपुट, ठेवी, कर्ज आणि निव्वळ नफा हे तीन आउटपुट. गाइडनी सांगितलं तसं डीईए (डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस, कमी साधनांत जास्त काम कोण काढतं ते ताडून कार्यक्षमतेचे गुण देणारं गणित) चालवलं आणि ज्या बँकेला पैकीच्या पैकी म्हणजे १.०० आलं तिच्यावर दोनच वर्षांत रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, ठेवीदार पावत्या घेऊन दारात. आता तुम्ही विचारताय की सॉफ्टवेअर चुकलं, डेटा चुकला की मी चुकले, आणि ही बँक यादीतून काढून टाकली तर चालेल का.

मी सहकारी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ तपासणी खात्यात. आता मिरजेत बसून दोन-तीन पतसंस्थांचं अंतर्गत ऑडिट बघतो. डीईए एका ट्रेनिंगमध्ये शिकलो आणि मग हौसेनं आमच्याच शाखांवर चालवून बघितलं, शाखाधिकाऱ्यांच्या शिव्या पण खाल्ल्या. तेव्हा पुस्तकातलं तुमच्या गाइडना जास्त माहीत असणार, मी मला दिसलेलं सांगतो.

पहिली गोष्ट, सॉफ्टवेअर बरोबर आहे. डीईए काय करतं, तुमच्याच यादीतल्या बँका एकमेकींशी ताडून बघतं, आणि प्रत्येक बँकेला जे वजन सगळ्यात सोयीचं पडेल तेच तिला लावतं. म्हणजे वर्गातल्या प्रत्येक पोराला सांगायचं की तुला ज्या विषयात जास्त मार्क पडलेत त्याच विषयाला मी भाव देतो, आता बोल तू पहिला आहेस का. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी १९७८ साली ही पद्धत मांडली तेव्हा ती नफ्यावर न चालणाऱ्या संस्थांसाठी होती, जिथं कशाला किती महत्त्व द्यायचं हे बाजार ठरवत नाही. त्या कामाला ती छानच आहे. पण त्यामुळं होतं काय की एखादी बँक बाकीच्यांपेक्षा वेगळी असली की तिच्याशी तुलना करायला कुणी उरतच नाही आणि ती आपोआप १.०० वर जाऊन बसते. तुम्ही व्हीआरएसचं मॉडेल घेतलं असेल (बँक लहान की मोठी हा फरक धरणारं, १९८४ नंतरचं) तर अजून गंमत, ज्या बँकेकडं एखादं इनपुट सगळ्यात कमी असेल किंवा एखादं आउटपुट सगळ्यात जास्त असेल तिला बसल्या जागी १.०० मिळतं, बाकी कारभार कसाही असू दे. आणि तुमचे १४ बँकांवर सहा व्हेरिएबल. जाणकार लोक साधारण धरतात की इनपुट अधिक आउटपुट यांच्या तिप्पट तरी बँका पाहिजेत, म्हणजे तुम्हाला १८ लागल्या असत्या. माझा अंदाज असा की तुमच्या १४ मधल्या सहा-सात बँका १.०० वरच असतील, बघा बरं.

पण हे झालं गणिताचं. खरं कारण वेगळं आहे.

तुमची ती बँक कमी माणसांत जास्त कर्ज वाटत होती, बरोबर? म्हणूनच तिचा स्कोअर वर गेला. आता कमी माणसांत जास्त कर्ज कसं वाटता येतं हे विचारा. माझा एक किस्सा सांगतो. तासगावकडं बेदाण्याच्या तारणावर कर्ज द्यायची पद्धत आहे, माल कोल्ड स्टोरेजला, पावती बँकेत. एका बँकेच्या तपासणीला गेलो होतो, नाव नको, फाइल एकदम टापटीप, पावती, विमा, वचनचिठ्ठी, सगळं जागेवर. मी म्हटलं, चला माल बघून येऊ. शाखाधिकाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळलं की वर्षभरात कुणी गेलेलंच नाही. गेलो. आत थंडीनं दात वाजतायत, बॅटरी घेऊन बॉक्सच्या थप्प्यांवरचे लॉट नंबर वाचतोय, आणि आमच्या पावतीवरच्या लॉटवर दुसऱ्याच बँकेची चिठ्ठी डकवलेली. एकच माल दोन ठिकाणी तारण. आता हे बघायला जाणं-येणं, मोजणं, पंचनामा करणं यात दोन माणसांचा आख्खा दिवस गेला आणि कागदावर त्या दिवसाचं आउटपुट शून्य. ना ठेव वाढली, ना कर्ज. ज्या बँकेनं ती दोन माणसं ठेवलीच नाहीत तिचा कर्मचारी आकडा कमी, खर्च कमी, म्हणजे ती कार्यक्षम!

याला अभ्यासकांनी नाव पण दिलंय. बर्जर आणि डीयंग यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या बँकांवर काम करताना मांडलं की कर्जाच्या तपासणीवरचा आणि देखरेखीवरचा खर्च वाचवला की काही काळ बँक स्वस्तात चाललेली दिसते, थकबाकी मागनं येते. आपल्याकडं ते आणखी लागू पडतं कारण आपल्याकडं कर्जदाराची माहिती कागदावर कमी आणि गावात जास्त असते, आणि गावातली माहिती गोळा करायला माणूस पाठवावाच लागतो. पेठेतल्या व्यापाऱ्याची पत सिबिलवर दिसते तेवढीच नसते, हळदीच्या सौद्यात त्याचे पैसे कुणाकडं किती अडकलेत हे अडत्याकडं चहा प्यायल्याशिवाय कळत नाही. तो चहा पण खर्चातच धरला जातो.

म्हणून तुमचं पहिलं काम, आउटपुटमधलं "कर्ज" बदला. एकूण येणे कर्जातून ग्रॉस एनपीए (थकीत ठरलेली सगळी कर्जं) वजा करा आणि जे नियमित कर्ज उरेल तेच आउटपुट म्हणून घ्या. एनपीएला इनपुटच्या बाजूला टाकणं किंवा नको असलेलं आउटपुट म्हणून वेगळं मॉडेल लावणं हे पण लोक करतात, पण तुमच्या १४ बँकांना एवढा थाट कशाला. आणि एनपीएचा आकडा एक किंवा दोन वर्षं पुढचा घ्या. म्हणजे २०१८ चं कर्ज असेल तर २०२० मध्ये त्यातलं किती आजारी पडलं ते बघा. कर्ज वाटलं त्या वर्षी तर सगळीच कर्जं निरोगी असतात. एवढं एक केलंत तरी त्या बँकेचा १.०० खाली येईल असं मला वाटतं. नाही आला तर परत लिहा, मग दुसरीकडं शोधू.

आता निव्वळ नफा. तो काढूनच टाका. एक तर तोट्यातली बँक आली की साधं डीईए उणे आकडा घेत नाही आणि मग लोक सगळ्यांत एक ठरावीक रक्कम मिळवून तो अधिक करतात, त्यानं काय बिघडतं ते बघत नाहीत. दुसरं म्हणजे नफा हा सहकारी बँकेत मार्चच्या शेवटच्या आठवड्यात "ठरतो", हे मी जरा जपून लिहितोय. थकीत कर्जांसाठी तरतूद किती करायची, जुनी तरतूद परत घ्यायची का, इमारत निधीत किती टाकायचं, सभासदांना लाभांश द्यायचा असेल तर किती लागतो, असं उलटीकडनं गणित येतं. सगळ्याच बँका करतात असं नाही, पण तुम्हाला अहवालावरून कुठल्या करतात ते ओळखता येणार नाही. त्याऐवजी तरतुदीच्या आधीचा नफा किंवा सरळ निव्वळ व्याज उत्पन्न घ्या.

आता जरा मुळात जाऊ, कारण तुमच्या प्रश्नातला खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो. बँक नेमकं बनवते काय? साखर कारखान्याला विचारलं तर सांगता येतं, इतका ऊस गाळला, इतकी साखर, इतका उतारा. बँकेचा उतारा कशाचा काढायचा? यावर पन्नास-साठ वर्षं भांडण चाललंय. एक गट म्हणतो बँक म्हणजे मध्यस्थ, ठेवी हा कच्चा माल आणि कर्ज हा पक्का माल. दुसरा गट म्हणतो बँक म्हणजे सेवा देणारं दुकान, खाती आणि व्यवहार मोजा, ठेव सांभाळणं हे पण कामच आहे. कुठला गट निवडता त्यावर निकाल अक्षरशः उलटा होतो. १९९७ मध्ये भट्टाचार्य, लोवेल आणि सहाय यांचा अभ्यास आला होता, १९८६ ते १९९१ या काळातल्या ७० भारतीय बँकांवर, त्यात सरकारी बँका सगळ्यात कार्यक्षम निघाल्या, मग विदेशी आणि शेवटी खाजगी. लोकांना पटेना. पण त्यांनी आउटपुट धरलं होतं ठेवी, कर्ज आणि गुंतवणूक. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर देशातल्या शाखा सव्वाआठ हजारांवरून १९९१ पर्यंत साठ हजारांच्या घरात गेल्या होत्या, गावोगावच्या ठेवी सरकारी बँकांकडं येत होत्या, मग त्या मापात त्या पुढं असणारच. त्याच बँका नफ्याच्या मापानं मोजल्या तर चित्र वेगळं, आणि त्यात पुन्हा त्या काळी एसएलआर (सरकारी रोख्यांत वगैरे ठेवायचा हिस्सा) ३८.५ टक्के आणि सीआरआर (रिझर्व्ह बँकेकडं ठेवायची रोख) १५ टक्के, म्हणजे १०० रुपये ठेव आली की निम्म्याहून जास्त पैसे कुठं ठेवायचे हे सरकारनंच ठरवलेलं. असल्या बँकेला नफ्यावरून नालायक ठरवायचं म्हणजे हात बांधून पोहायला सांगायचं. विकसनशील देशातल्या बँका मोजताना हे कायम डोक्यात ठेवा की बँक काय करते यातलं निम्मं बँक ठरवत नाही.

हे आपल्या दोन जिल्ह्यांपुरतं बोलू म्हणजे हातात येईल. तुम्ही लिहिलंय की सगळ्या बँकांच्या अहवालात "प्रति कर्मचारी व्यवसाय" असतो, तोच का नको वापरायला. हा आकडा म्हणजे ठेवी अधिक कर्ज, त्यातून दुसऱ्या बँकांच्या ठेवी वजा, भागिले कर्मचारी. वार्षिक सभेत चेअरमन साहेब हाच आकडा वाचतात आणि टाळ्या पडतात. आता दोन शाखा घ्या, आकडे समजायला सोपे म्हणून मीच धरलेत. एक शाखा विट्याकडची, ठेवी ९० कोटी, कर्ज ३० कोटी, माणसं ८, म्हणजे प्रति कर्मचारी १५ कोटी. दुसरी जत तालुक्यातल्या बाजाराच्या गावातली, ठेवी १६ कोटी, कर्ज १४ कोटी, माणसं ६, म्हणजे ५ कोटी. तिप्पट फरक. मग जतवाले झोपा काढतात का? विट्याकडं, खानापूर-आटपाडीत घरटी एखादा माणूस गलाई व्यवसायात, कुणी केरळात, कुणी पंजाबात सोनं-चांदी गाळतोय, पैसा तिथनं येतो आणि पावतीत जाऊन बसतो. एक सही, एक पावती, २५ लाख. त्यात शाखाधिकाऱ्याचा पराक्रम काय, त्याची बदली तिथं झाली एवढाच.

जतकडच्या शाखेत मी एकदा आठवडी बाजारादिवशी काउंटरच्या मागं स्टूल टाकून बसलो होतो, हातात वही आणि घड्याळ. योजनेचे दोन हजार काढायला आलेली म्हातारी, पासबुक घरी राहिलेलं, खातं शोधायचं, अंगठा घ्यायचा, अंगठ्याला साक्षीदार पाहिजे म्हणून रांगेतल्याच कुणाला तरी बोलवायचं, मग पैसे "दहा-वीसच्या नोटा द्या बाबा" म्हणून परत मोजायचे, नऊ मिनिटं गेली. तिच्या मागच्या कापड दुकानदाराचं ४ लाखांचं आरटीजीएस, फॉर्म भरूनच आणलेला, तीन मिनिटं. पैशात मोजाल तर म्हातारीचं काम दुकानदाराच्या दोनशेव्या हिश्शाएवढं, कष्टात मोजाल तर तिप्पट. याच कारणानं म्हसवडची माणदेशी महिला बँक, जी १९९७ मध्ये बायकांनी बायकांसाठी काढली, तिची तुलना पेठेतल्या व्यापारी बँकेशी प्रति कर्मचारी व्यवसायानं करणं मला पटत नाही. तिथं ठेव घ्यायला माणूस बाजारात जातो, कधी रोजचे दहा-वीस रुपये. हेच तुमच्या यादीला लागू आहे, दुष्काळी पट्टा आणि ऊस पट्टा एका तराजूत घालू नका. माण-खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ एकीकडं, कराड, वाळवा, मिरज, फलटण एकीकडं. अर्थात आता टेंभू-म्हैसाळ सिंचन योजनांचं पाणी बऱ्याच ठिकाणी फिरलंय, तेव्हा २००५ चा दुष्काळी गाव आणि आजचा एकच धरू नका.

मग व्यवहारांची संख्या घ्यावी का? १० वर्षांपूर्वी मी हो म्हटलं असतं. आता यूपीआयनं तीपण वाट लावलीय. टपरीवर दहा रुपयांचा चहा, एक एंट्री. माणसाचा हात कुठं लागला नाही आणि व्यवहारांचा आकडा आकाशात. उलटं काय झालंय, पासबुक दोन महिन्यात भरतं, म्हाताऱ्या माणसांना छापून हवं असतं, प्रिंटरपुढं रांग. म्हणजे यूपीआयमुळं एक काम वाढलं आणि ते कुठल्याच रेशोत येत नाही. व्यवहार घ्यायचेच तर फक्त काउंटरवरचे घ्या, मिळाले तर.

कर्मचारी आकड्याची पण गंमत आहे. पिग्मी एजंट (रोजची बचत दारोदार गोळा करणारे) कमिशनवर, ते कर्मचारी नाहीत. शिपाई आणि वॉचमन एजन्सीकडनं, ते पण नाहीत. वसुलीची माणसं कंत्राटी. एका बँकेनं कंत्राटी पद्धत आणली की एका रात्रीत तिची उत्पादकता वाढते, काम तेवढंच, माणसं तीच, फक्त हजेरीपट बदलला. म्हणून डोकी मोजू नका, पगार अधिक कमिशन अधिक एजन्सीची बिलं असा माणसांवरचा सगळा खर्च घ्या, नफा-तोटा पत्रकात थोडं शोधावं लागेल पण मिळतो.

आणि वाढ बघताना एक लक्षात असू द्या, ७ टक्क्यांची फेरगुंतवणुकीची पावती काही न करता १० वर्षांत जवळजवळ दुप्पट होते. ठेवीदार जिवंत आहे आणि पैसे काढत नाही एवढंच पुरे. तेव्हा "१० वर्षांत ठेवी दुप्पट" असा बोर्ड दिसला की त्याचा अर्थ नवीन माणूस एक पण आला नाही असा पण असू शकतो. महागाई निर्देशांकानं भागल्याशिवाय दोन वर्षांची तुलना करूच नका.

आता तुमच्या डेटाचं. तुम्ही ३१ मार्चचे आकडे घेतलेत, सगळेच घेतात. ३१ मार्चला शाखेत कधी बसला आहात का? संध्याकाळी सातनंतर चहाचे ग्लास, व्हाउचरचे गठ्ठे, आणि हेड ऑफिसचा दर तासाला फोन, "किती झालं?" मोठ्या ठेवीदारांना गळ घातलेली असते की साहेब चार दिवस राहू द्या. पावतीवर ओव्हरड्राफ्ट उचलायचा आणि तोच पैसा दुसऱ्या खात्यात ठेव म्हणून टाकायचा, की ठेव पण वाढली आणि कर्ज पण वाढलं, व्यवसाय दोन्हीकडनं फुगला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हवा निघते. आणि नवं-जुनं तर तुम्हाला माहीतच असेल. सोसायटीच्या पीककर्जात नवं-जुनं हा रीतसर प्रकार आहे, जुनं भरायचं, नवं उचलायचं, त्यात सवलतीचं व्याज अडकलेलं असतं. पण तीच पद्धत जेव्हा बँकेच्या कॅश क्रेडिटला (धंद्यासाठी ठरलेल्या मर्यादेत लागेल तसं उचलायचं कर्ज) येते तेव्हा ती थकबाकी झाकायची चादर होते. एका ठिकाणी मला ३१ मार्चचं जमेचं आणि १ एप्रिलच्या कर्जवाटपाचं व्हाउचर एकाच टाचणीला सापडलं, रक्कम रुपया-पैशाला तीच, अक्षर पण एकाच कारकुनाचं. खातं कागदावर चोख.

यावर बाहेरच्या माणसाला एक तपासणी करता येते, मी स्वतः करतो म्हणून सांगतो. अहवालात मागं टिपांमध्ये "खेळत्या निधीशी व्याज उत्पन्नाचं प्रमाण" दिलेलं असतं, आणि हा खेळता निधी म्हणजे बँकेनं महिन्याच्या महिन्याला रिझर्व्ह बँकेला कळवलेल्या एकूण मालमत्तेची वर्षाची सरासरी. म्हणजे उलटा भागाकार करा. समजा व्याज उत्पन्न १८ कोटी आणि प्रमाण ७.५ टक्के, तर सरासरी निधी २४० कोटी. आणि ताळेबंदात ३१ मार्चला एकूण मालमत्ता दिसतेय २७५ कोटी. ३५ कोटींचा फरक आला, त्यात काही खरी वाढ असेल, काही हवा. दरवर्षी हा फरक मोठा राहतोय आणि पुढच्या वर्षीची सरासरी पण मागच्या मार्चच्या वर जात नाही, असं दिसलं की समजायचं. तुमच्या १४ बँकांचं हे गणित एका दुपारी होतं, आणि डीईएला पण मार्चचे आकडे देण्यापेक्षा ही सरासरी द्या.

तुम्ही शेवटी मालमक्विस्ट इंडेक्सचं विचारलंय, म्हणजे वर्षागणिक उत्पादकता वाढली का. तो इंडेक्स बदलाचे दोन तुकडे करतो, बँक पुढच्या बँकांच्या जवळ गेली का, आणि सगळ्यात पुढची रेषाच पुढं सरकली का. दुसऱ्या तुकड्याला पुस्तकात तंत्रज्ञानातला बदल म्हणतात. आता २०१९-२० घेतलं तर तुम्हाला कदाचित "तंत्रज्ञान मागं गेलं" असं उत्तर येईल. तंत्रज्ञान कुठं मागं गेलं नाही, कृष्णा वर आली. ऑगस्ट २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ च्या वर होतं, पेठेतली दुकानं बुडाली, मिरज-पलूस-वाळव्यातला ऊस कुजला. त्या वर्षीची वसुली घसरली म्हणून बँकेतली माणसं बिघडली असं कोण म्हणेल? तसंच २०१६-१७, नोटाबंदीनं व्यापारी बँकांच्या ठेवी एकदम फुगल्या आणि प्रति कर्मचारी व्यवसाय उडी मारून वर, पण जिल्हा बँकांना चारच दिवसांत जुन्या नोटा घ्यायला बंदी आली आणि घेतलेल्या नोटा कित्येक महिने तिजोरीत पडून राहिल्या, त्यावर व्याज मात्र द्यायचंच. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीचं पण तेच, घोषणा होणार असा नुसता वास आला तरी वसुली थांबते आणि सरकारचे पैसे आले की एनपीए एकदम स्वच्छ, दोन्हीत बँकेचा हात नाही. तुमच्या नागरी बँकांना कर्जमाफीचा थेट झटका कमी, पण गिऱ्हाईक तेच आहे. म्हणून ही वर्षं वेगळी खूण करून ठेवा आणि निकाल सांगताना जिल्ह्यातल्या सगळ्या बँका मिळून किती हलल्या ते वजा करून सांगा.

नशीब आणि नालायकी वेगळी करणारी पद्धत पण आहे, स्टोकॅस्टिक फ्रंटियर म्हणतात, पण तिला बरीच निरीक्षणं लागतात आणि १४ बँकांवर एका वर्षासाठी तिचा उपयोग नाही. पाच-सहा वर्षं एकत्र केलीत तर करून बघा. डीईएलाही तीन-तीन वर्षांची खिडकी लावली, म्हणजे एकाच बँकेची तीन वर्षं तीन वेगळ्या बँकांसारखी धरली, तर १४ चे ४२ होतात, मग व्हेरिएबलची अडचण पण मिटते.

एक गोष्ट मात्र गाइडना विचारून ठरवा, कार्यक्षम असणं आणि टिकणं हे तुम्ही एकच धरताय का. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ ची, सप्टेंबर २००६ मध्ये तिच्यावर मोरेटोरियम (व्यवहारांवर सरकारी स्थगिती) आला आणि ऑक्टोबरात ती आयडीबीआयमध्ये गेली. सांगली बँक १९१६ ची, २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन. या बँकांच्या काउंटरवर माणसं हळू काम करत होती म्हणून त्या गेल्या नाहीत, युनायटेड वेस्टर्नचं तर भांडवलच पुरं पडलं नव्हतं. डीईए भांडवलाचं काही सांगत नाही, तुम्ही त्याला विचारलंच नाही तर ते कसं सांगणार. तेव्हा भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या मानानं भांडवल पुरेसं आहे का) वेगळ्या रकान्यात शेजारी ठेवा, स्कोअरमध्ये मिसळू नका.

तर मी तुमच्या जागी असतो तर इनपुटला दोनच ठेवले असते, माणसांवरचा सगळा खर्च आणि व्याजखर्च. आउटपुटला नियमित कर्ज आणि निव्वळ व्याज उत्पन्न. सरासरी आकडे, तीन वर्षांची खिडकी, दुष्काळी आणि बागायती वेगवेगळे गट. गटात बँका फारच कमी उरत असतील तर एकत्र चालवा पण निकाल गटवार वाचा. आणि प्रत्येक बँकेची तिच्याच पाच वर्षांपूर्वीच्या स्वतःशी तुलना आधी, शेजारणीशी नंतर.

ती १.०० वाली बँक काढू नका हो. तुमच्या आख्ख्या डेटात सगळ्यात मोलाच्या ओळी तिच्याच आहेत. तिचे निर्बंधाआधीचे पाच-सहा अहवाल काढा, ग्रंथालयात नाहीतर एखाद्या जुन्या सभासदाच्या माळ्यावर हमखास मिळतील, आणि त्यात बघा की शाखा वाढत असताना कर्ज विभागात आणि तपासणीला माणसं किती होती. आमच्याकडच्या अहवालात शेवटच्या पानांवर खातेप्रमुखांचे फोटो असायचे. एका बँकेच्या अहवालात मला एकाच माणसाचा फोटो दोनदा दिसला होता, एकीकडं कर्ज विभाग प्रमुख आणि दुसरीकडं अंतर्गत तपासणी प्रमुख. तसं काही सापडलं तर कळवा.